घोगरा आवाज : दोष की ओळख?

प्रश्न : माझी मुलगी नववीत शिकते. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत तिच्या मांडणीला आणि पाठांतराला चांगले गुण मिळाले. मात्र गुणपत्रकाच्या तळाशी परीक्षकांनी ‘आवाज घोगरा आहे, सुधारणा हवी’ असा शेरा लिहिला. तेव्हापासून ती वर्गात मोठ्याने वाचायलाही उभी राहत नाही. तिचा आवाज लहानपणापासून असाच आहे. माझ्या सासूबाई ‘बापावानी भारी आवाज हाय लेकीचा’ असे कौतुकाने म्हणतात. घोगरा हा शब्द मराठीत दोष दाखवण्यासाठीच वापरतात का? घोगरा, खर्जातला, भसाडा आणि बसलेला यांत नेमका फरक कोणता?
– एक आई, अंबाजोगाई

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचा उलगडा झाला की पहिल्याचे उत्तर हाताशी येते. आवाजाचे वर्णन करणारे आपले शब्द तीन निरनिराळ्या गोष्टी सांगतात आणि बोलण्याच्या ओघात आपण त्या एकमेकींत मिसळून टाकतो. आवाज किती उंच किंवा किती खाली आहे ही एक गोष्ट झाली, त्याचा पोत कसा आहे ही दुसरी, आणि ऐकणाऱ्याला तो रुचला की नाही ही तिसरी.

‘खर्जातला’ हा शब्द केवळ उंची सांगतो. खर्ज म्हणजे षड्ज, सप्तकातला पहिला स्वर. त्यावरून बोलण्यात खालच्या पट्टीच्या आवाजाला खर्जातला आवाज म्हणू लागले. असा आवाज काचेसारखा नितळ असू शकतो. ‘घोगरा’ हा शब्द पोत सांगतो. या आवाजात स्वराच्या बरोबरीने थोडी हवा आणि थोडी घरघर ऐकू येते, जणू स्वराला एक खरखरीत कड असते. घोगरा आवाज बहुधा खालच्या पट्टीचा असतो, म्हणून लोकांना घोगरा आणि खर्जातला हे एकच वाटतात. पण उंच पट्टीत बोलणाऱ्या लहान मुलाचा आवाजही घोगरा असू शकतो. ‘भसाडा’ हा मात्र सरळसरळ निवाड्याचा शब्द आहे. मोठा, जाड आणि कानाला नकोसा, हे सगळे त्यात आधीच ठरवलेले असते. कोणी आपल्या आवडत्या माणसाच्या आवाजाला भसाडा म्हणत नाही. त्याच घरातला ‘भरडा’ हा शब्द थोडा सौम्य आहे. जात्यावर डाळ भरडतात तेव्हा पीठ होत नाही, कण राहतात. ज्या आवाजात असे कण जाणवतात तो भरडा.

‘बसलेला’ हा शब्द या सगळ्यांपासून वेगळा पडतो, कारण तो गुण सांगत नाही, अवस्था सांगतो. क्रियापद बदलून पाहिले की हे लगेच ध्यानात येते. ‘त्यांचा आवाज घोगरा आहे’ आणि ‘सर्दीने त्यांचा आवाज घोगरा झाला आहे’ ही दोन्ही वाक्ये मराठीला सहज चालतात. पहिल्यात कायमची ओळख आहे, दुसऱ्यात चार दिवसांची गोष्ट आहे. ‘त्यांचा आवाज बसला आहे’ हे वाक्य मात्र आजच्यापुरतेच असते, आणि ‘त्यांचा आवाज जन्मापासून बसलेला आहे’ असे कोणी म्हणत नाही. आपल्या मुलीच्या आवाजाविषयी ‘आहे’ हे क्रियापद वापरावे लागते, ‘झाला’ नव्हे. शेऱ्यातल्या ‘सुधारणा हवी’ या शब्दांनी हाच फरक पुसून टाकला आहे, आणि माझ्या मते चूक तिथे झाली आहे.

तेव्हा घोगरा हा शब्द दोषवाचक आहे का, याचे माझे उत्तर असे की तो वर्णनवाचक आहे, परंतु तो वापरणारा त्याला ज्या वाक्यात बसवतो त्यावरून त्यात दोष किंवा माया भरली जाते. कथा-कादंबऱ्यांतून रात्रीच्या अनोळखी फोनवरचा माणूस घोगऱ्या आवाजात धमकी देतो, आणि मुलीला सासरी धाडताना बापाचा आवाजही घोगराच होतो. दुसऱ्या ठिकाणी लेखकाला ‘कातर’ लिहिता आले असते, परंतु कातर आवाज कापतो; ‘सद्गदित’ लिहिता आले असते, पण तो शब्द फार पुस्तकी आहे. रडू दाबून धरलेल्या, फारसे न बोलणाऱ्या माणसाच्या गळ्यातून जे निघते त्याला घोगरा हाच शब्द बसतो. जो शब्द इतक्या हळव्या प्रसंगी चालतो, तो निव्वळ दूषण असणे शक्य नाही.

आता आवाज घोगरा होतो म्हणजे काय होते ते पाहू. गळ्यातील स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. बोलताना ते जवळ येतात आणि फुप्फुसातून वर येणाऱ्या हवेने कंप पावतात. मोठ्या पुरुषांच्या बोलण्यात हे कंप सेकंदाला साधारण १०० ते १५०, तर स्त्रियांच्या बोलण्यात साधारण १८० ते २५० असतात. तंतू लांब आणि जाड असले की कंप कमी होतात व आवाज खाली जातो. ते ताणले की आवाज चढतो. ही झाली उंची. पोत ठरतो तो दोन्ही तंतू किती नीट मिटतात आणि त्यांचे कंप किती एकसारखे होतात यावरून. ते पुरते मिटले नाहीत तर फटीतून हवा निसटते, कंप वेडेवाकडे झाले तर खरखर येते. ही फट आणि ही खरखर थोड्याफार प्रमाणात कित्येक निरोगी गळ्यांतही असते. नाक, डोळे, चण जशी ज्याची त्याची असते, तसाच हाही शरीराचा एक घाट आहे.

या मुद्द्यावर मला आपल्याच भूमीतल्या एका ग्रंथाची आठवण होते. देवगिरीच्या यादवांचा राजा सिंघण याच्या काळात, म्हणजे तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आले होते, आणि तो स्वतः यादवांच्या दरबारी हिशेबाच्या खात्यातला मोठा अधिकारी होता. आज आपण ज्याला दौलताबादचा किल्ला म्हणतो, त्याच्या सावलीत हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही संगीतपरंपरांना मान्य असलेला हा ग्रंथ तयार झाला, ही गोष्ट मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेत सांगितली जावी असे मला मनापासून वाटते. ग्रंथाच्या सात अध्यायांपैकी तिसऱ्या, म्हणजे प्रकीर्णक अध्यायात शार्ङ्गदेव माणसाच्या आवाजाचा बारकाईने विचार करतो. कफ, पित्त, वात आणि त्यांचे मिश्रण यांना धरून तो आवाजाचे खाहुल, नाराट, बोंबक आणि मिश्रक असे चार प्रकार सांगतो. खाहुल स्निग्ध आणि मधुर असतो. बोंबक कठोर, मोठा आणि आतून पोकळ असतो, आणि त्याचे नाव ऐकून मराठी कानाला आपली बोंब आठवल्यावाचून राहत नाही.

त्यापुढे त्याने आवाजाचे पंधरा गुण आणि आठ दोष सांगितले आहेत, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने खरे महत्त्व या याद्यांना आहे. दोषांमध्ये ‘रूक्ष’ आहे, ‘स्फुटित’ म्हणजे फुटलेला आहे, ‘निःसार’ म्हणजे एरंडाच्या काडीसारखा पोकळ आहे, कावळ्यांच्या थव्याची आठवण देणारा ‘काकोली’ आहे. पण ‘घन’ आणि ‘गाढ’ हे दोन शब्द त्याने गुणांच्या यादीत ठेवले आहेत. ‘करुण’ही तिथेच आहे. आवाजाचे जाड, भरीव असणे हा गुण आणि त्याचे कोरडे, फुटके असणे हा दोष, अशी रेघ त्याने आठशे वर्षांपूर्वी ओढली. आपला ‘घोगरा’ हा शब्द या रेघेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभा आहे, म्हणूनच तो ऐकणाऱ्याला बुचकळ्यात टाकतो. सासूबाईंना त्या आवाजातले घनपण ऐकू आले, परीक्षकांना रूक्षपण. शार्ङ्गदेवाचा विचार गाण्यापुरता होता आणि आपली मुलगी भाषण करते, हे विसरून चालणार नाही. तरी त्याच अध्यायात त्याने ‘शारीर’ नावाची एक कल्पना मांडली आहे, ती भाषणालाही लागू पडावी. अभ्यास न करताही राग प्रकट करण्याचे जे सामर्थ्य एखाद्या आवाजात असते त्याला शारीर म्हणतात, कारण ते शरीराबरोबरच जन्माला येते, असे तो सांगतो.

स्त्रियांच्या जाड आवाजाविषयी बोलताना शास्त्रीय गायिका गंगुबाई हनगल यांचे उदाहरण टाळता येत नाही. त्यांचा जन्म १९१३ चा. तरुणपणी त्यांचा आवाज बारीक आणि उंच होता. पुढे घशावर उपचार झाले आणि तो कायमचा खाली, भारदस्त, जवळजवळ पुरुषी वाटावा असा झाला. त्याच आवाजाने त्यांनी किराणा घराण्याची गायकी पुढची कित्येक दशके गाजवली. माझ्या कानाला त्यांचा आवाज घोगरा नाही, तो घन आहे. आणि हा फरक समजून घेण्यासाठी त्यांचे एखादे ध्वनिमुद्रण मुलीला जरूर ऐकवावे. दुसरे टोक गझल-ठुमरी गाणाऱ्या बेगम अख्तर यांचे. वरच्या स्वरावर जाताना त्यांचा आवाज किंचित फाटत असे. ही फाट कोणत्याही काटेकोर यादीत दोषातच जमा झाली असती, पण रसिक तिला ‘पत्ती’ म्हणत आणि तिचीच वाट पाहत.

मुलींच्या वाट्याला हा शेरा जास्त का येतो, याचेही कारण सांगितले पाहिजे. वयात येताना मुलाचा आवाज जवळजवळ एका सप्तकाने खाली उतरतो, मिसरूड फुटते तसा आवाज फुटतो, आणि त्या दिवसांत तो घोगरा होतो हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडते. मुलीचा आवाजही त्या वयात उतरतो, परंतु केवळ दोन-तीन अर्धस्वरांनी (एका सप्तकात असे बारा असतात), त्यामुळे ते कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून घोगरा हा शब्द आपल्या मनात पुरुषाच्या आवाजाशी जोडला गेला आहे. मुलाविषयी तो बोलला तर ‘मोठा झाला’ असा अर्थ निघतो, मुलीविषयी बोलला तर ‘काहीतरी बिनसले’ असा. शब्दाचा अर्थ एकच असून ऐकणाऱ्यांची अपेक्षा दोन तऱ्हेची आहे, आणि हा अन्याय शब्दाने केलेला नाही, आपण केलेला आहे.

परीक्षकांना काय लिहिता आले असते? मुलीचे शब्द मागच्या रांगेपर्यंत पोहोचले नसतील तर ‘उच्चार अधिक स्पष्ट हवेत’ असे, वाक्याच्या शेवटी आवाज गळून पडत असेल तर ‘श्वासाचे नियोजन हवे’ असे, सगळे भाषण एकाच पट्टीत झाले असेल तर ‘चढउतार हवेत’ असे. या तिन्ही गोष्टी सरावाने सुधारतात, आणि शेरा लिहावा तो सुधारण्याजोग्या गोष्टीवर. मी स्वतः बरीच वर्षे वर्गात शिकवले आहे. वाचनाच्या तासाला मुलांच्या आवाजाविषयी असे मोघम शेरे माझ्याही तोंडून गेले असतील, या विचाराने आपले पत्र वाचताना मी अस्वस्थ झालो.

एक सूचना मात्र मनावर घ्यावी. आवाज लहानपणापासून असा असला, तरी एकदा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून घ्यावे. खूप ओरडून खेळणाऱ्या मुलांच्या स्वरतंतूंवर कधीकधी लहान गाठी येतात, आणि आवाजाला विश्रांती व नीट बोलण्याचा सराव दिला की त्या बऱ्याचदा कमी होतात. तपासणीत काही निघाले नाही, तर हा तिचा आवाज आहे एवढेच तिला सांगावे, आणि तिच्या आजीचे वाक्य पुन्हा तिच्या कानावर पडू द्यावे.

प्रश्न : आमच्या गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह असतो. काकडा, हरिपाठ आणि रात्रीचे कीर्तन यांत टाळकरी म्हणून उभा राहिलो की काल्याच्या दिवसापर्यंत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. घरचे म्हणतात ‘नरडं बसलं’, मित्र म्हणतात ‘आवाज बसला’, आणि डॉक्टरांनी ‘घसा बसला’ असे म्हटले. यांत बरोबर कोणते?
– एक वारकरी, परळी तालुका

उत्तर : तिन्ही बरोबर आहेत, फक्त बोट ठेवण्याची जागा निराळी आहे. ‘घसा’ म्हणजे गळ्याचा आतला भाग. तो दुखतो, कोरडा पडतो, खवखवतो आणि बसतोही. ‘आवाज बसला’ म्हणताना कारणाकडे नव्हे, परिणामाकडे लक्ष असते. ‘नरडं’ हा शब्द शहरी कानाला राकट वाटतो, पण आपल्या गावांतून तो रोजच्या मायेने वापरला जातो. सप्ताहातल्या टाळकऱ्याला घरची बाई ‘नरडं बसलं का?’ असे विचारते तेव्हा त्यात काळजीच असते. ‘गळा’ मात्र या कामाला फारसा वापरत नाहीत. ‘त्याला गळा आहे’ म्हणजे तो चांगला गातो. कंठ दाटतो, कंठ फुटतो. पण कंठ बसला असे कोणी म्हणत नाही.

सात दिवसांच्या गजराने स्वरतंतूंना सूज येते. सुजलेले तंतू जड होतात म्हणून आवाज खाली जातो, आणि ते नीट मिटत नाहीत म्हणून त्यात हवा शिरते. तुळजाभवानीच्या नवरात्रात रात्र रात्र गाणाऱ्या आराध्यांचा, गोंधळ्यांचाही असाच अनुभव असतो. अशा वेळी लोक कुजबुजत बोलतात आणि आवाजाला विसावा दिला असे समजतात. प्रत्यक्षात जोर लावून केलेल्या कुजबुजीनेही घशावर ताण पडतो. त्यापेक्षा दोन दिवस शक्य तितके गप्प राहावे, पाणी वरचेवर प्यावे, गरम पाण्याची वाफ घ्यावी, आणि तंबाखूपासून दूर राहावे. ज्येष्ठमधाची कांडी तोंडात धरण्याची आपली जुनी सवय घशाला बरे वाटावे म्हणून ठीक आहे. तीन आठवडे उलटूनही आवाज मोकळा झाला नाही, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये, तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे. तंबाखू खाणाऱ्यांनी किंवा बिडी ओढणाऱ्यांनी तर ही मुदत मुळीच ओलांडू नये.

प्रश्न : शाहिराच्या आवाजाला ‘पहाडी’ का म्हणतात? आमच्याकडे तर पहाड नाहीत.
– एक विद्यार्थी, परभणी

उत्तर : परभणीच्या सपाट काळ्या रानातून तसे वाटणे साहजिक आहे, पण मराठवाड्याच्या उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर आहेत आणि बीड-धाराशिवकडून बालाघाटची रांग जाते. पहाडी आवाज म्हणजे ध्वनिवर्धकाशिवाय लांबवर पोहोचणारा, मोकळा, खडा आवाज. हा शब्द उंची सांगत नाही आणि पोतही सांगत नाही, तो आवाजाचा पल्ला सांगतो. त्यामुळे एखाद्या शाहिराचा आवाज पहाडी असूनही किंचित घोगरा असू शकतो, आणि पोवाड्याला असा आवाज शोभतो असे मला वाटते. पहाडी नावाचा रागही आहे, त्याचा या शब्दप्रयोगाशी संबंध जोडू नये.

प्रश्न : ‘घोगरा’ हा शब्द ‘घागर’ या शब्दावरून आला, कारण घागरीत तोंड घालून बोलले की आवाज तसा येतो, असे आमच्या वाचनकट्ट्यावर एकाने सांगितले. हे खरे आहे का? आणि ‘घोगर्या’ लिहावे की ‘घोगऱ्या’?
– एक वाचक, जालना

उत्तर : घागरीची कल्पना सुरेख आहे, पण शब्द समजण्यासाठी तिची गरज नाही. घरघर, घुरघुर, खरखर, घोगरा हे सगळे आवाजाच्या अनुकरणातून घडलेले शब्द आहेत. संस्कृतातही ‘घर्घर’ हा अशाच ध्वनीसाठी आहे. ‘घ’ आणि ‘र’ उच्चारताना तोंडात जे घडते त्यात त्या आवाजाची नक्कल आहे. शिवाय घागरीत बोलले तर आवाज घुमतो, घोगरा होत नाही. हवे तर मांजर मांडीवर घेऊन तिची घुरघुर ऐका, म्हणजे शब्दाचे नाते कानालाच कळेल.

लेखनाविषयी : ‘घोगऱ्या’ असेच लिहावे. दुसरा–दुसऱ्या, कोरा–कोऱ्या, त्याप्रमाणे घोगरा–घोगऱ्या. रफार दिला की ‘सूर्या’सारखा जोरकस उच्चार होतो आणि ‘घोगर् – या’ असे काहीतरी निराळेच वाचले जाते. मराठीत या एवढ्याशा खुणेने अर्थ बदलतात : ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, ‘आचार्यांना’ बोलावले तर विद्वान येतील, ‘आचाऱ्यांना’ बोलावले तर स्वयंपाक होईल. काही मोबाइलच्या कळफलकांवर ही अर्ध्या ‘र’ची खूण चटकन सापडत नाही, म्हणून लोक रफारावर भागवतात, ‘र’ऐवजी नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला ‘ऱ’ घेऊन त्याला ‘य’ जोडला की ती उमटते.